जिती हाडं
आईच्या पाठीचा मणका ठसक्याने मोडला. ती पडली नाही, घसरली नाही. दिंडोशीतल्या आमच्या घरी ओट्यापाशी उभी राहून कुळथाच्या पिठीला फोडणी देत होती, मिरचीचा खाट नाकातोंडात गेला आणि खोकता खोकता ती ओट्याची कड धरून खाली बसली. पाठीत काहीतरी कट् झालं, एवढंच म्हणाली. उसण भरली असेल म्हणून मी बाम चोळला. चार दिवसांनी तिला कुशीवर वळताही येईना, तेव्हा अंधेरीला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

एक्स-रेत दोन मणके चेपलेले दिसले. एक ताजा, एक जुना. जुना कधी चेपला ते आईलाही सांगता येईना. मला मात्र आठवलं, की गेली दोनेक वर्षं ती वरच्या फळीवरचा डबा मला काढायला सांगत होती. वय झालं, असं समजून मी तो काढून देत होते.

आई तेव्हा सदुसष्टची. बाबांची गिरणी बंद पडल्यावर तिने पोळी-भाजी केंद्रात उभं राहून वर्षानुवर्षं पोळ्या लाटल्या होत्या. हाताला जोर असलेल्या बाईची हाडं ठिसूळ कशी, ते मला कळेना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाळी कधी गेली? आई खाली बघून म्हणाली, छत्तिसाव्या वर्षी ऑपरेशनमध्ये पिशवी काढली, अंडाशयांसकट. हाडांना जपणारा हार्मोन त्या दिवशीच गेला होता, आणि तीस वर्षं कुणी त्याबद्दल बोललंच नव्हतं.

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी पिशवीतली फाइल काढायची विसरले. हाड रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं बांधलं जातं. आईकडे मोडणं चालू होतं, बांधणं मागे पडलं होतं. गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्यांचा हार्मोन सतत जास्त राहिला तर हाडातलं कॅल्शियम ओढून नेतो. पण त्याचाच एक तुकडा दिवसातून एकदा, अगदी थोडा टोचला, की हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात.

आईने विचारलं, "म्हंजे हाडां जिती आसत?"

"जिवंतच असतात, आजी. नसती तर मी काय केलं असतं?"

परतताना रिक्षात ती म्हणाली की बाबांच्या अस्थी हातात घेतल्या तेव्हा किती हलक्या लागल्या होत्या. हाड म्हणजे माणूस गेल्यावर उरतं ते, असंच तिला वाटत आलं होतं. मग बराच वेळ ती स्वतःचं मनगट दुसऱ्या हाताने धरून बसली.

इंजेक्शन पेनासारखं होतं. ते फ्रिजमध्ये ठेवायचं आणि रोज सकाळी पोटाच्या घडीत टोचायचं. मी कोर्टात कारकून; साडेआठला डबा भरून झाला की टोचायचे आणि मगच निघायचे. पहिले दिवस तिला चक्कर येई, म्हणून मी तिला पलंगावर बसवून ठेवी. मग मळमळ, पायात गोळे. तिसऱ्या आठवड्यात तिने पुरे म्हणून सांगितलं. मी समजूत घालत राहिले, ती भिंतीकडे तोंड करून पडली.

त्याच सुमारास मला जोराचा ताप आला. सकाळी पेन घेतलं, पण मला सुई धड बसवता येईना. आईने ते माझ्या हातातून घेतलं, सुई लावली, पोटाची घडी चिमटीत धरली आणि न बघता टोचलं. सुईला घाबरणारी माझी आई ओठातल्या ओठात दहा आकडे मोजून सुई बाहेर काढत होती. त्या दिवसापासून तिने मला पेनाला हात लावू दिला नाही.

इंजेक्शनं सुरू करण्याआधी मोजलेली हाडांची घनता वर्षाने पुन्हा मोजली. डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. मणक्यांचा आकडा वर गेला होता. चेपलेले मणके परत उंच होणार नव्हते, आई होती तेवढीच राहणार होती, पण आतून नवं हाड धरलं होतं. माझ्या आईच्या अंगात, या वयात, काहीतरी नव्याने घडलं होतं. मी त्या आकड्याकडे देवासमोर उभं राहावं तशी बघत राहिले.

त्यानंतर दोन महिन्यांनी ती आरे कॉलनीत मैत्रिणीकडे गेली आणि बसमधून उतरताना कुत्रं पायात आल्याने कमरेवर पडली. फोन आला तेव्हा मी कोर्टात होते. संपलं सगळं, असंच वाटलं. जाऊन बघते तर आई मैत्रिणीच्या दारात खुर्चीवर बसलेली. ती आपली आपण उठून चालत आली होती.

तरी मी एक्स-रे काढायला लावला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा उजेडात धरला. कुठेही तडा नव्हता. राहिलेली इंजेक्शनं पुरी करा, मग हे कमावलेलं टिकवायला दुसरं औषध देते, असं त्यांनी सांगितलं.

घरी आल्यावर मी तिच्या खुब्यावर शेक द्यायला बसले. तळव्याएवढा काळानिळा डाग उठला होता. मी तो बोटांनी हलकेच चाचपला. सुजलेल्या मांसाखाली हाड लागत होतं, कठीण, अख्खं. माझी बोटं तिथून हलेनात.

"हळू गो," आई म्हणाली, "दुखता."