सिग्नलला गप्प होणारी रिक्षा

आधीच सांगतो, माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. शब्दही साधेच आहेत. तेवढं समजून घ्या.

रिक्षात माणसं काय काय विसरून जातात! छत्री, डबा, दवाखान्याची पिशवी. एकदा तर एक पावणं बायकोलाच स्टँडवर विसरून बसले होते. वस्तू परत देता येते, बायकोही परत दिली. पण माणसं जे बोलून जातात, ते कुणाला परत द्यायचं? ते सीटखाली साठत राहतं.

माझ्याकडे सगळ्यात जास्त साठलंय ते एका फेरीचं. रंकाळ्याजवळच्या आमच्या गल्लीतून राजारामपुरीत, फिजिओ मॅडमच्या दवाखान्यात. मागं तिघी बसतात. आई, शेजारच्या शमीमचाची आणि शेवटच्या घरातल्या पारूआक्का. माझ्या शेजारी, नियमात बसत नसलं तरी, आण्णा. हे गल्लीतलेच जुने पैलवान. चौघांचं दुखणं एकच. लघवी थांबत नाही. बायकांना बाळंतपणापासून आणि वयामुळं, आण्णांना प्रोस्टेटच्या ऑपरेशनपासून. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात, आणि त्यालाही व्यायाम असतो. हे मला पूर्वी माहीत नव्हतं.

"तुमच्याबद्दल लिहू का?" असं मी चौघांना भीत भीत विचारलं. माझे कान लाल झाले होते.

चाची म्हणाल्या, "लिही की! आमच्यासारख्या किती जणी घरात कुढत बसल्यात. फकस्त माझं नाव मोठ्या अक्षरात लिही!"

\*

सुरुवात आईपासून झाली. ती सगळ्यांना सांगायची, "गुडघा दुखतोय." लग्नाला नाही, गुडघा. जत्रेला नाही, गुडघा. शेवटी मी तिला गुडघा दाखवायला मॅडमकडं नेलं.

मॅडमनी गुडघा वाकवला, सरळ केला, दाबला. काहीच दुखेना. तेवढ्यात आईला शिंक आली.

मॅडम हळूच म्हणाल्या, "काकू, शिंकताना तुम्ही पायावर पाय टाकून आवळलेत. गुडघा दुखणारं माणूस असं करत नाही."

मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. आई बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती.

परत येताना ती मागून म्हणाली, "संभा, तो आरसा वर कर. मग सांगते."

मी आरसा वर केला. आता त्यात नुसतं आभाळ दिसत होतं. आई त्या आभाळातून बोलल्यासारखी बोलली. नेसरीहून, थोरल्या मावशीकडून येताना एष्टीत तिला आवरलं नव्हतं. कोल्हापूर आलं, सगळे उतरले, तरी ती बसून राहिली. मग पदरानं सीट पुसली आणि उतरली. त्यानंतर ती एष्टीत चढली नाही. नेसरीला गेली नाही. मावशीला वाटलं, धाकटीला शहराचा माज आला. तीही कधी आली नाही. फोनवर दोघी फक्त पावसापाण्याचं बोलायच्या.

"नेसरीची आक्का थकली आता," आई म्हणाली. "ती हाय तवर एकदा तिच्या सोप्यात जाऊन बसायचंय."

"मी नेतो की रिक्षानं."

"आन् दर मैलाला झुडूप हुडकत जाऊ व्हय रं? एष्टीनं जायचं. चार माणसासारखं."

रंकाळा आला तरी मी आरसा खाली केला नाही. घर येईपर्यंत आभाळच बघत आलो!

\*

मॅडमची सांगायची पद्धत गोड आहे. दार उघडं असलं की बाकावर ऐकू येतं.

"ओटीपोटाच्या तळाशी एक झोळी बांधली आहे असं समजा. आत बाळ झोपलंय. झोळी हळूच वर उचला. श्वास कोंडू नका. आणि उचलली तशीच हळूच खाली सोडा. आदळायची नाही, बाळ उठेल."

खोलीत शांतता होते. पंखा फिरत असतो. मलाही बसल्या बसल्या झोप येते.

पहिल्या दिवशी आण्णांनी दंड फुगवले, मान ताठ केली, चेहरा लालबुंद केला.

"आण्णा, चेहऱ्यानं नाही उचलायचं," मॅडम म्हणाल्या. "बाळ खाली आहे."

आण्णा हाश्शहुश्श करत म्हणाले, "मॅडम, ह्यांच्या झोळीत बाळं असतील. माझ्या झोळीत पैलवान झोपलाय!"

\*

हा व्यायाम दिवसातून बऱ्याचदा करायचा असतो आणि तोच विसरतो. मॅडम म्हणाल्या, रोज घडणाऱ्या कशाला तरी बांधून टाका. कुणी चहाला बांधतं, कुणी दात घासायला. आमच्या मंडळींनी सिग्नलला बांधला. लाल पडला की झोळी वर.

तेव्हापासून माझी रिक्षा कोल्हापुरातली सगळ्यात विचित्र रिक्षा झाली. व्हीनस कॉर्नरच्या सिग्नलपर्यंत नुसता कलकलाट. चाची आक्कांच्या सुनेला नावं ठेवताहेत, आक्का चाचींच्या सुनेला. आणि लाल दिवा लागला की एकदम गप्प. चौघांच्या नजरा लांब कुठंतरी. ऊन सीटवर पडलेलं. शेजारच्या मोटरसायकलवाल्यांना वाटतं, माणसं मयताला निघालीत.

एकदा हिरवा पडला तरी मागून आवाज आला, "थांब संभा, अजून सोडायचं हाय."

मागं हॉर्न सुरू झाले. ट्रॅफिकचे पोलीस शिट्टी फुंकत आले. "ए रिक्षा! हिरवा दिसत न्हाई व्हय?"

आक्का डोळे मिटूनच, अगदी हळू बोलल्या, "साहेब, बाळ झोपलंय."

पोलिसांनी वाकून आत बघितलं. तिघींच्या मांडीवर कुठंच बाळ नव्हतं. पण तिघींच्या तोंडावर असं काही होतं की त्यांनी तोंडातली शिट्टी काढली. मागच्या गाड्यांना हातानंच थोपवलं.

आणि कुजबुजत म्हणाले, "जावा सावकाश."

\*

चाचींची तऱ्हा वेगळी. दिवसभर काही नाही. पण घराच्या कुलपात किल्ली घातली की अशी घाई, की दार उघडेपर्यंत उशीर! मॅडम म्हणाल्या, असं बऱ्याच जणांना होतं. पळायचं नाही. जागेवर उभं राहायचं, झोळी उचलायची, मन दुसरीकडं न्यायचं. घाई लाटेसारखी असते. येते आणि ओसरते.

झालं! चाची किल्ली हातात धरून स्वतःच्या दारात पुतळ्यासारख्या उभ्या राहायला लागल्या. चाचा बाजारातून आले.

"बेगम, घरात शिरायला मुहूर्त बघतीस?"

"गप बसा. लाट जाऊ द्या. डोळ्यापुढं रत्नागिरीचा दर्या आणलाय."

चाचा विचारात पडले. "एवढं पाणी आणलंस डोळ्यापुढं? मग तर घाई वाढंल की!"

दुसऱ्या दिवशी चाची रिक्षात म्हणाल्या, "म्हाताऱ्याचं खरं निघालं. आता मी नुसती वाळू बघते!"

\*

शिंक यायच्या आत झोळी उचलायची, हा पुढचा धडा. पण शिंक सांगून थोडीच येते?

उन्हाळ्यात आमच्या वाटेवरच्या एका बोळात मिरची कांडप जोरात चालतं. वर्षाची चटणी कुटून न्यायला बायकांची रांग असते. एरवी मी तो बोळ टाळतो. एक दिवस आक्कांनी हुकूम सोडला, "संभा, आज कांडपाच्या बोळातनं घे. परीक्षा देऊ."

मी रिक्षा वळवली. तांबडी धूळ उन्हात तरंगत होती, सोनेरी दिसत होती. मागून पहिली शिंक आली, मग दुसरी. आण्णांची तर अशी आली की टप हादरला.

बोळ संपला. मागं शांतता.

"पास!" आई म्हणाली.

"पास!" चाची.

"फस्क्लास!" आक्का.

आण्णांनी नुसती मिशी पिळली. मी मात्र एवढा शिंकलो होतो की रिक्षा गटाराच्या कडेला जाऊन बंद पडली.

"पोरगं नापास," चाची म्हणाल्या. "ह्याला बी मॅडमकडं न्या!"

\*

पास झाली तरी आईची भीती जाईना. घराबाहेर पडायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून पाणी बंद. मॅडम रागावल्या. लघवी घट्ट झाली की उलट जास्त चुरचुरतं आणि सारखं जावंसं वाटतं. "पाणी प्या आणि आधी जवळची एखादी फेरी बसनं करून या."

थंडी पडल्यावर चौघांनी जोतिबाला जायचं ठरवलं. मी तिकिटाचा प्रवासी झालो. बस डोंगर चढत होती, खाली शेतं निळसर धुक्यात पोहत होती. आई खिडकीतून बघत होती आणि मला वाटलं, आता झालं, जिंकली.

वरच्या वळणावर आण्णांच्या पिशवीतला नारळ निसटला आणि बसभर घरंगळला. त्याच्यामागं आण्णा, आणि आण्णांच्या मागं कंडक्टर! अख्खी बस हसली. आईही हसली. आणि मग तिचा चेहरा पडला.

पिशवीत दुसरी साडी होती. पण परतताना ती एवढंच बोलली, "नेसरी ऱ्हाऊ दे आता."

पुढच्या खेपेला तिनं मॅडमनाही तेच सांगितलं. मॅडमनी विचारलं, "काकू, पूर्वी असं झाल्यावर काय करत होता?"

"घरला पळत हुते."

"मग परवा काय केलंत?"

आई आठवायला लागली. "साडी बदलली. दर्शन घेतलं. गुलाल लावला..."

"आणि?"

"भेळ खाल्ली की!"

मॅडम हसल्या. आईनं उघड्या दारातून मला हाक मारली, "संभा, नेसरीची गाडी कितीला असती रं?"

\*

आम्ही दोघंच गेलो. आई सकाळी नेहमीसारखं पाणी प्याली, चहाही. पिशवीत जादा साडी ठेवली. कागल गेलं, निपाणी गेलं. घाटात तिनं माझा हात गच्च धरला. मी तिच्याकडं बघितलं नाही. बाहेर उसाचे तुरे वाऱ्यावर हलत होते, पांढरे, एकसारखे, लांबवर. किती वेळ गेला कळलं नाही. मग हात सैल झाला. गडहिंग्लजला गाडी थांबली तेव्हा ती सावकाश उतरली, जाऊन आली, पुन्हा आपल्या जागेवर बसली. पुढं नेसरीपर्यंत काहीही झालं नाही. काहीही झालं नाही, हे इतकं मोठं असतं!

मावशी घराच्या पुढच्या सोप्यातच बसली होती. उठली नाही.

"आलीस व्हय? मला वाटलं, माझ्या मातीलाच येशील."

आईनं तिच्या पायाला हात लावला. मावशीनं पाय मागं घेतले.

आता मावशीचं एक सांगायला पाहिजे. कोल्हापूरला ये म्हटलं की ती फोनवर एकच सांगायची, "दोन म्हशी हाईत, कुणावर टाकून येऊ?" त्या म्हशींच्या दुधाच्या चहाची मी वाटेतच आशा धरली होती. पण मावशीच्या सुनेनं चहा केला तो दुधाची पिशवी फोडून. परसात गेलो तर गोठ्यात सरपण रचलेलं, छतापर्यंत.

मी परत आलो तेव्हा आईनं बोलायला सुरुवात केली होती. एष्टी, पदर, पुसलेली सीट, गुडघ्याचं खोटं, मॅडम, झोळी, सगळं. मावशी तिच्याकडं टक लावून ऐकत होती. दारातून तिरपं ऊन आलं होतं, त्यात धूळ फिरत होती.

"आन् पोलीस म्हणतोय, जावा सावकाश," आईनं सांगितलं.

मावशीचे खांदे हलायला लागले. आधी आवाज नाही. मग ती अशी हसली की परसातल्या कोंबड्या पळाल्या. हसता हसता एकदम थांबली. भिंतीला धरून उठली आणि न्हाणीकडं गेली.

बऱ्याच वेळानं बाहेर आली. अंगावर दुसरं लुगडं होतं.

आईनं सरकून तिला जागा केली. मग आईनं विचारलं, "आक्का, म्हशी कवा इकल्यास?"

मावशीनं निऱ्या सारख्या केल्या. आईच्या अगदी शेजारी, मांडीला मांडी लावून बसली.

"लई वर्सं झाली गं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या दोघींच्या आधी नेसरीच्या स्टँडवर गेलो. कोल्हापूरची गाडी लागली. खिडकीतून टॉवेल आत टाकला आणि तिघांची जागा धरली.