तन्वीच्या नावाची शाबासकी

माझ्या पोटात गोष्ट टिकत नाही, हे आमच्या दहिसरच्या अख्ख्या चाळीला ठाऊक आहे. ही एक मात्र टिकली. मुलाला नाही सांगितली, सुनेला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आज तुम्हाला सांगते.

कोरोनात शाळा बंद झाल्या, तेव्हा माझी नात तन्वी दुसरीत होती. वर्ग मोबाइलवर भरायचा. मुलगा-सून दोघंही हॉस्पिटलात कामाला — त्यांना कुठली सुट्टी? म्हणून मोबाइल माझा, आणि पोरगीही माझ्याच हवाली. नेट अडकतं म्हणून बाईंनी सगळ्यांना कॅमेरे बंद ठेवायला लावलेले. उत्तरं टाइप करून पाठवायची.

आता मी — तिसरीतनंच शाळा सुटलेली, धाकट्या भावंडांना सांभाळायला. पुढचं वाचन दुकानांच्या पाट्या आणि पुडीचे कागद वाचून शिकले. आणि अचानक घरातच शाळा! पहिल्यांदा मदत म्हणूनच केली हो. तन्वीला सुचेना, मी एका बोटाने उत्तर टाइप केलं. मोबाइलमधून बाई म्हणाल्या, “शाब्बास तन्वी!” — आणि माझ्या अंगावर काटा आला. मला आयुष्यात कुणी शाब्बास म्हटलं होतं का?

मग चटकच लागली. वर्ग भरायच्या आधी मी वेणीफणी करून बसायचे, जसं काही बाईंना दिसणारच होतं! कविता, बेरजा, जोडाक्षरं — सगळं मी. तन्वी खाटेखाली बाहुलीशी खेळायची. त्रास नाही पोरीचा, म्हणून मी वर खूश.

इथवर तुम्ही हसाल. पण एक दिवस ती खाटेखालून बाहेर आली, माझ्या मांडीला टेकली — “आजी, आज मी लिहू?” आणि मी काय म्हटलं? “थांब गं, बाई खोळंबल्यात. तुला वेळ लागतो.” हात झटकला तिचा. परत तिनं कधी विचारलं नाही.

शाळा उघडली. तन्वीला धडा वाचता येईना. बाईंनी मला बोलावलं, तिच्यासमोरच म्हणाल्या, “ऑनलाइनला एवढी हुशार होती, आता मुद्दाम करते की काय ही?” खरं ओठांवर आलं होतं — अगदी ओठांवर. आणि मी म्हणाले, “काय सांगू बाई, त्या ऑनलाइननं वाट लावली पोरांची.” बाईंनी मान डोलावली. तन्वी माझ्याकडे बघत राहिली.

घरी सून तिला कामचुकार म्हणाली. तेव्हाही मी भाजी निवडत बसले होते.

मोबाइलला नावं ठेवणं सोपं आहे. पण वर्ग पोरीचा होता, आणि तो मी घेतला.

आता ती मोठ्या वर्गात आहे. वाचते चांगलं, झरझर वाचते. पण कुणी काही विचारलं की तोंड उघडायच्या आधी थांबते. परवा एका पाहुणीनं सहज नाव विचारलं तिला. तर आधी माझ्याकडे बघितलं तिनं.