सहाव्या चौकटीतला शेकरू

मंगळवार, २६ एप्रिल १९६०. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. गिरगावातल्या एका वाडीच्या तळमजल्यावर, शिळाछापखान्यात, कमलाकांत मानकर दगडावर शेकरू काढत आहेत. त्यांची नजर आरशावर आहे. दगडावर जे डावीकडे तोंड करून असतं, ते कागदावर उजवीकडे बघतं. म्हणून नमुना आरशात पाहायचा आणि आरशात दिसेल तसा दगडावर उतरवायचा. एकतीस वर्षं ते हेच काम करतात. चूक एकदाच झाली.

तक्ता शाळांसाठी आहे, शेकरूंच्या प्रकारांचा. रविवारी नवं राज्य होणार, तक्त्यातला नकाशा बदलणार, म्हणून सगळा तक्ता नव्या दगडावर. चौकटी सहा. डांगातला फिकट, जवळजवळ दुधाळ. महाबळेश्वरचा विटकरी, शेपटीचं टोक पांढरं. मध्य प्रांतातला काळसर शेपटीचा. मलबारचा सर्वांत गडद. प्राणी एकच, पण खोरं बदललं की रंग बदलतो. हे चार काढून झाले आहेत, पाचवा हाताखाली आहे. सहावी चौकट मानकरांनी कोरी ठेवली आहे.

कारण सहावा प्रकार नाहीच. जानेवारी १९५६मध्ये तक्ता पहिल्यांदा निघाला, तेव्हा यादीत पाच नावं आणि आखणीत सहा चौकटी होत्या. मुंबईच्या कोट भागातल्या संग्रहालयात जाऊन सहावा शोधायचा, तर आंदोलनामुळे गिरगावात संचारबंदी. मानकरांनी घरी बसून एक शेकरू मनाने रचला. शेपटीवर तीन काळी वलयं, ठिकाण ‘फोंडा घाट’. नमुनाच नव्हता, म्हणून आरसा लावायचं राहिलं. पेन्सिलीच्या चित्रात डावीकडे बघणारा प्राणी छापून आला तो उजवीकडे बघत. बाकीचे पाच डावीकडे. कोणाच्या लक्षात आलं नाही. चार वर्षं तो तसाच शाळाशाळांतून टांगलेला आहे, खाली मानकरांचं नाव.

आज मालकांना खरं सांगायचं आणि चौकट कोरीच छापायची, असं ठरवून ते आले होते.

साडेसातला धोंडू परब आला. परळच्या एका गिरणीत साच्यावर कापड विणतो. रात्रपाळी करून थेट इकडे. काखेत वर्तमानपत्राची गुंडाळी.

“मानकर तुम्हीच? आमच्या फोंड्याच्या शाळेतल्या मास्तरान धाडल्यान. तुमच्या तक्त्यावरचो शेकरो.”

मानकरांनी कागद सोडला. वाळलेलं कातडं. शेपटीवर तीन काळी वलयं.

“मारला?”

“नाय हो. पडलो. तो फांदीर वळाक गेलो नि पडलो.”

मानकरांनी कातडं खिडकीशी नेलं. उजवी कूस गडद तांबूस. डावी कूस कोऱ्या कागदाच्या रंगाची. शेपटी उलटी केली. वलयं अर्धीच होती. चित्रात जिथपर्यंत दिसत होती तिथपर्यंत, पुढे काही नाही. त्यांनी चिंधीला टर्पेंटाइन लावून पुसून पाहिलं. चिंधी स्वच्छ राहिली. मग भिंग घेतलं. केस मुळापर्यंत काळे होते.

“अजून एक आसा,” धोंडू म्हणाला. “मादी. ढोलीपाशी बसता, सदा उजव्या अंगान. पलीकडची बाजू कोणीच बघूक नाय. ती पण वळाक बघता. पडतली एक दिवस.”

तेवढ्यात, मादीचं बोलणं ऐकत, मालक आले. चिंतामणी मालक असला तरी मानकरांनी त्याला चड्डीत पाहिलेलं आहे.

“चिंतामणी, ऐक. हा सहावा मी मनाने काढला होता. खोटा आहे.”

चिंतामणीने कातड्याकडे पाहिलं. “मग हे काय आहे, काका? चिवडा?”

“एक बाजू बघ. रंगच नाही.”

“उन्हात वाळवलंय, एका अंगाने उडाला रंग. तुम्हाला पण ना, पुरावा हातात आल्यावर पाप आठवतं!” तो हसला. “ते काही नाही. आता जोडी काढा. नर आणि मादी. दगड आज संध्याकाळपर्यंत हवा.”

दगड घासणारा गुणाजी कोपऱ्यातून म्हणाला, “काका, आमच्या वाडीत एक नळ पण काढा. बघू येतो का.”

सगळे हसले. धोंडू हसला नाही. त्याला शुक्रवारी एसटीने गावी जायचं होतं. कातडं ठेवून तो निघाला.

मानकरांनी पाचवा शेकरू पुरा केला आणि ते कोऱ्या चौकटीकडे वळले. चौकट कोरी सोडली तर तक्ता खरा होणार होता आणि त्यांचं नाव स्वच्छ. ढोलीपाशी बसलेली मादी मात्र तशीच राहणार होती, अर्धी.

दुपारी त्यांनी कपाटातून चार वर्षांपूर्वीचं पेन्सिलीचं चित्र काढलं आणि या वेळी ते आरशासमोर लावलं. आरशातला शेकरू उजवीकडे बघत होता. तसाच दगडावर उतरवला, म्हणजे कागदावर तो डावीकडे बघणार, त्याची डावी कूस दिसणार. शेजारी जुना, उजवीकडे बघणारा. दोघांच्या शेपटीवरची वलयं त्यांनी मोजून जुळवली, एका बाजूची रेघ जिथे संपते तिथून दुसरीची सुरू.

चौकटीखाली नर, मादी लिहायचं होतं. त्यांनी उलट्या अक्षरांत लिहिलं: ‘उजवी बाजू’, ‘डावी बाजू’.

संध्याकाळी चिंतामणीने ते वाचलं. “हे काय, काका?”

“एकच आहे तो,” मानकर म्हणाले.

चिंतामणीने कातड्याच्या कोऱ्या कुशीकडे एकदा बघितलं, आणि दगड तसाच जाऊ दिला.

उद्या, बुधवारी, सकाळी आठ वाजता गुणाजी दगड यंत्रावर चढवील. पहिली प्रत नेहमीप्रमाणे मानकर तपासतील. ढोलीपाशीची मादी आता वळते का, ते गावी पोचल्यावर धोंडू बघील.