बाबांच्या चपला आणि कॉन्व्हेंटची फरशी

काटोलहून एसटीने नागपूरला निघालो तेव्हा मी पाचवीत जाणार होते. सदरमधल्या कॉन्व्हेंटच्या कमानीशी येताच बाबांनी पायरीखाली चपला काढल्या. वर मरियमेची मूर्ती दिसली म्हणून हात जोडले आणि अनवाणीच व्हरांड्यात शिरले. सिस्टर हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांचं लक्ष मात्र तळपायाकडे होतं.

"थंड आहे वं फरशी. इथं तुले ऊन नाही लागत. मी रविवारी येतो."

मला होस्टेलला सोडून ते गेले. मी नुसती मान हलवली.

पण खोटं नव्हतं ते. हातभर जाड दगडी भिंती, वर चुन्याचा गिलावा, छताजवळ दोरीने उघडायचे झरोके. गरम हवा वरच्या वर निघून जायची. ज्याने कुणी ती इमारत बांधली, त्याने आधी नागपूरचा मे महिना सोसला असणार. पुढे दर रविवारी बाबा संत्र्यांची पिशवी घेऊन यायचे आणि चपला काढूनच आत यायचे.

शाळेची इमारत वारसा यादीत गेल्याचं मला नोकरीच्या गावी, मेलबर्नला कळलं, तेव्हा मी ऑफिसात पेढ्यांऐवजी डोनट वाटले. वाटलं, चला, एक तरी गोष्ट जागेवर राहील.

गेल्या उन्हाळ्यात, आई गेल्यावर, बाबांना मेलबर्नला न्यायला आले. ते म्हणाले, "जायच्या आधी मले ती शाळा दाखव."

बाहेरून सगळं तसंच होतं. वारसा ना, दर्शनी भागाला हात लावायची बंदी! म्हणून सगळा हात आत फिरवलेला. झरोके फॉल्स सीलिंगने झाकले, चुन्यावर सिमेंट थापलं, फरशीवर चकचकीत टाइल्स. वर्गावर्गात एसी आणि त्यांची गरम वाफ व्हरांड्यात. बाबांनी चपला काढल्या. वॉचमन ओरडला, "बाबूजी, चप्पल पहन लो, फिसल जाओगे!"

बाबा पायाने चाचपत उभे राहिले. "फरशी कुठं गेली वं?"

"टाइल्सखाली आहे, बाबा."

"मंग झाकली काहून?"

मुलांना उकडतं म्हणून एसी, म्हणे. अरे, आधी झरोके तर उघडून पाहा! अजून आठवलं की डोकं फिरतं. बाबांनी चपला घातल्या आणि आम्ही नंदनवनला आत्याकडे निघालो.

काटोलवाल्यांनो, तुम्ही फोनवर विचारता, बाबा रमले का? माझं घर लाकडी सांगाड्याचं, भिंती पोकळ, खाली कार्पेट. पहिल्या दिवशी ते दारात चपला काढून बराच वेळ उभे होते. मी वाट पाहत होते, काहीतरी म्हणतील. म्हणाले नाहीत. मला घर म्हणजे आता त्यांचं कॉन्व्हेंटच्या व्हरांड्यातलं ते एक वाक्य, आणि ते काही येत नाही.

म्हणून रोज ऑफिसला निघताना मीच म्हणते, "बाबा, एसी चालू आहे. इथं तुम्हाले ऊन नाही लागत. मी संध्याकाळी येते."

बाबा नुसती मान हलवतात.