सापडलं असतं तर?

तुमची लेक फुटलेला ओठ घेऊन दारात उभी राहिली, तर तुम्ही आधी काय उघडाल, दार की धर्मग्रंथ? घाईने उत्तर देऊ नका. मी ज्या बाईबद्दल लिहितेय तिने दोन्ही उघडली, आणि तिच्याइतकी सरळ बाई माझ्या पाहण्यात नाही.

कडकबाई म्हणतात तिला; रुग्णालयाच्या धुलाईखात्यात चादरींना इस्त्री करते. चादरीच्या कोपऱ्याला कोपरा जुळला नाही तर मोठ्या डॉक्टरलाही ऐकवते, "यावर माणूस झोपणारे, भाजी नाही पसरायची." नवरा लवकर गेला. लेकीला तिने एकटीने वाढवलं, ते बायबलच्या भरवशावर. त्यात लिहिलंय म्हटलं की विषय संपला. मी तिची शेजारीण, देव मानत नाही. त्यावरून आमची रोज जुंपते आणि रोज चहाही होतो.

लेक आली ती एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्या पायात नवऱ्याची घालून. यावरून काय ते समजा.

दुसऱ्याच दिवशी चर्चचे पाळकसाहेब आले. चहा घेतला, घसा खाकरला. "संसारात असं होतंच. लिहिलंय ना, जी मार सोसते ती घर तारते. रविवारी उपासना झाली की जावई न्यायला येईल."

"कुठं लिहिलंय?" मी उसळलेच.

"ताई, तुम्ही मोर्चे काढा. हा तुमचा प्रांत नाही."

कडकबाईने मला हातानेच खाली बसवलं. "लिहिलं असेल तर पाठवीन, साहेब. पण ओळ मला माझ्या डोळ्यांनी बघायचीय."

"बघा की. वाचनालयात कॉम्प्युटर आहे. सगळं बायबल आहे त्यात."

तेव्हापासून तिला चैन नाही. ड्यूटी सुटली की तडक चर्चच्या मागच्या त्या वाचनालयात. बायबलच्या अभ्यासाचं ते सॉफ्टवेअर चर्चमध्ये गाणारी मंडळी वापरायची, तिने कधी हात लावला नव्हता. एका बोटाने अक्षर शोधायची, चुकलं की जीभ चावायची. लेक शेजारी ओठाला रुमाल लावून, मी मागे येरझारा घालत.

आधी पाळकसाहेबांचं अख्खं वाक्य अवतरणात टाकलं. एकही निकाल नाही. मग सुटे शब्द. 'घर' टाकलं तर यादी संपेना. 'मार' टाकलं तर निम्म्या ओळींत मार नव्हताच, 'मार्ग' होता. यंत्राला काय, अक्षरं जुळली की झालं. 'सोसणे', 'सोसते', 'सोसावे', एकेक रूप वेगळं टाकावं लागे. बाई सगळं वाचायची, ओठ हलवत, एकही ओळ न गाळता.

"अगं, नाहीये ते!" मी वैतागले. "त्या माणसाने मनाने रचलंय."

"थांब गं. घाई करून पाप नाही घ्यायचं डोक्यावर."

शेवटी शनिवारी तिने खुर्ची मागे सरकवली. "नाही. कुठंच नाही." चेहरा काय फुलला होता म्हणून सांगू! "बघ पोरी, नाहीये. आता कोणी तुला नेऊ शकत नाही."

लेक हसली नाही. रुमाल बाजूला करून म्हणाली, "आणि सापडलं असतं तर?"

कडकबाईने खुर्ची पुन्हा पुढे ओढली.

"तर पाठवलं असतंस ना मला?"

 कडकबाईने स्क्रीन पुसायला घेतला, पदराने, नसलेली धूळ.

रविवारी उपासना सुटल्यावर जावई इस्त्रीच्या शर्टात फाटकाशी उभा. पाळकसाहेब आम्हाला घेऊन वाचनालयात आले. कडकबाई म्हणाली, "शोधलं. नाही सापडलं."

त्यांनी वाकून पाहिलं आणि हसले. "बाई, शोध फक्त स्तोत्रांच्या पुस्तकापुरता लावलाय. हे बघा, वरच्या कोपऱ्यात. गाणाऱ्यांनी तसाच सोडला असणार."

आठवडाभर आम्ही अख्खं घर सोडून एकाच कपाटात शोधत होतो. माझे कान तापले. त्यांनी खूण बदलली, संपूर्ण बायबल केलं, वाक्य पुन्हा टाकलं. तरी काही नाही. "शब्द इकडेतिकडे असतील," म्हणत त्यांनी 'अधीन' टाकलं. आणि ते आलं. बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावं.

"खाली वाचा ना!" मी ओरडले. "नवऱ्याने बायकोला स्वतःच्या शरीरासारखं जपावं, ते नाही का दिसत?"

"संदर्भ समजून घ्या, ताई."

"संदर्भ तिच्या ओठावर आहे!"

आमचं असं तोंडाला तोंड लागलेलं, आणि कडकबाईचा हात मध्ये आला. तिने कॉम्प्युटरचं बटण दाबून धरलं, स्क्रीन काळा होईपर्यंत.

"साहेब, तुमची ओळ यात असो नाहीतर नसो. पोरगी जाणार नाही."

"देवाच्या शब्दापुढे?"

"देवाला मी सांगेन काय ते. तुम्ही जावयाला सांगा." मग लेकीकडे वळली.  "पाठवलं असतं गं मी तुला. आठवडाभर ओळ शोधत बसले, तुझं तोंड समोर असून."

लेकीने तिचा हात धरला. दोघी मागच्या दाराने निघाल्या. पुढचं दार मी अडवून धरलं, जावयाशी हवापाण्याच्या गप्पा मारत.

कडकबाई रविवारी अजूनही चर्चला जाते, मागच्या बाकावर बसते. नीट झोप नाही तिला. फाटक वाजलं की इस्त्री हातातच राहते. लेक दुसऱ्या वस्तीत आहे, कामाला लागलीय. कुठे, ते मी लिहिणार नाही.

जावई मात्र शोधतोय. अशी माणसं गोड बोलतात, कपडे स्वच्छ असतात, हातात धर्मग्रंथही असतो. तुमच्या दारात असा कोणी येईल, "माझी बायको रुसून आलीय, दिसली का?" म्हणून विचारेल. त्याला पाणी द्या, बसायला द्या. पत्ता तेवढा देऊ नका.