मागच्या बाजूची खोली

विंचूरच्या शाळेत शिकवणाऱ्या यशोदाबाई पगारे नाशिकला आल्या की नणंदेकडे उतरत आणि सगळी सुट्टी तिच्या स्वयंपाकघरात जाई. १९८३च्या डिसेंबरात त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, या खेपेला चांगल्या हॉटेलात राहायचं."

निवृत्तीराव चपापले, पण तयार झाले. पहिल्या हॉटेलात दाराशी फेटेवाला उभा होता, खोलीला मात्र खिडकीच नव्हती. दुसऱ्यात गरम पाणी बादलीने आणून देणार होते. तिसरं त्र्यंबक रोडवरचं, नवंकोरं, गालिचे घातलेलं. भाडं ऐकून निवृत्तीराव दाराकडे वळले.

"आधी खोली तर दाखवा," यशोदाबाई मॅनेजरला म्हणाल्या.

"मागच्या बाजूची कमी भाड्यात देतो," तो म्हणाला. "तिथून रस्ता दिसत नाही, म्हणून कुणी घेत नाही."

यशोदाबाईंनी आत जाऊन नळ सोडला आणि खाली हात धरला. कढत पाणी आलं. खिडकीबाहेर द्राक्षांचा मळा उन्हात पसरला होता.

"रस्ता बघायला कोण आलंय? हीच द्या."

सकाळी ट्रेमधून चहा आला. शाली पांघरून दोघं मळ्यावरचं धुकं विरताना बघत बसली. निघायची वेळ झाली, तेव्हा निवृत्तीरावच म्हणाले, "अजून एक दिवस राहू या का?"