जीप सध्या कोठे उभी आहे

आमच्या आरोग्य केंद्राकडे एक जीप आहे आणि ती चालू स्थितीत आहे, असं मी दोन वर्षं दर महिन्याला लिहून पाठवत होतो. त्यात खोटं काहीच नव्हतं. जिल्ह्याहून येणाऱ्या छापील नमुन्यात वाहनापुढे दोनच रकाने होते, चालू आणि बंद. जीप चालू होती. फक्त ती पोलीस ठाण्याकडे चालू होती. 'कुठं आहे' हा रकाना छापणाऱ्याला सुचला नव्हता, आणि न छापलेल्या रकान्यात लिहिण्याइतका शूर कारकून मी पाहिलेला नाही. आरशातसुद्धा नाही.

आदिलाबाद जिल्ह्याच्या ज्या कोपऱ्यात माझी नोकरी झाली, तिथून महाराष्ट्र चालत जाण्याइतका जवळ होता आणि हैदराबाद एका रात्रीच्या प्रवासाइतकं दूर. लोक बाजारासाठी पलीकडे जात आणि सहीशिक्क्यासाठी अलीकडे येत. जंगलात अण्णा लोक, म्हणजे नक्षलवादी होते, म्हणून पोलिसांची फिरती होती. आणि फिरतीला गाडी कमी पडली म्हणून एक दिवस इन्स्पेक्टर साहेबांनी आमची जीप मागितली, दोन दिवसांसाठी. आमचे डॉक्टर समुद्राकडच्या जिल्ह्यातून आलेले, भिडस्त, हुशार आणि घराच्या आठवणीनं सुकलेले. ते 'नाही' म्हणायला शिकलेच नव्हते. जीप गेली, जीपबरोबर आमचा ड्रायव्हरही गेला.

जीप नसल्याचं खरं दुःख एकाच माणसाला होतं, ते म्हणजे आमच्या नर्सबाईंना. त्या बेज्जूरकडच्या. आमच्या गावापुढे एक नाला होता आणि नाल्यापलीकडे गोंडांचा गुडा, म्हणजे वीस-पंचवीस घरांची वाडी. बस नाल्याच्या अलीकडेच तोंड फिरवायची. जीप मात्र पाणी गुडघ्याच्या खाली असेल तर उतरून जायची. आदल्या पावसाळ्यात त्या गुड्यातल्या एका बाईला बैलगाडीतून आणताना गाडी नाल्यात रुतली. बाई वाचली, मूल गेलं. नर्सबाई तेव्हा त्या गाडीत होत्या. त्यांनी मला हे एकदाच सांगितलं, तेही औषधांच्या बाटल्या पुसता पुसता. उन्हाळ्यात त्यांनीच सांगितलं की तीच बाई पुन्हा पोटुशी आहे.

"दिवस कधी भरतात?" मी विचारलं.

"मृग लागल्यावर. नाला भरल्यावर म्हना न, भाऊ."

आमचे आमदार त्या वेळी पहिल्यांदाच निवडून आलेले आणि विरोधी बाकावरचे. त्याआधी त्यांचा भाजीचा मळा होता, आणि मळ्यात राबणाऱ्या मजुरांकडून शिकलेली तेलुगू ते विधानसभेत बोलत. आंध्रातले मोठे वकील-आमदार ती ऐकून गालात हसत, हे त्यांना माहीत होतं. पुढाऱ्यांविषयी माझं मत कधीच चांगलं नव्हतं. हार घातलेला माणूस दिसला की मी रस्ता बदलायचो. पण हा माणूस माझ्याकडे येताना वांगी घेऊन यायचा आणि जमिनीवर मांडी घालून बसायचा, तेव्हा माझा नाइलाज झाला.

"सांग न बाबू, काय इचारू? तिथं उभं राह्यलं की मले काईच आठवत नाही."

सरकारी नोकरानं आमदाराला प्रश्न लिहून देणं नियमात बसत नव्हतं, म्हणून ते आम्ही स्वयंपाकघरात करत होतो. माझी बायको दार लावून घ्यायची आणि वांगी चिरायची. विचार मराठीत करायचा, लिहायचं तेलुगूत, आणि कचेरीतले शब्द निजामाच्या वेळचे उर्दू. त्या दिवशी आम्ही तीन मंत्र्यांना तीन प्रश्न लिहिले. परिवहन मंत्र्यांना: नाल्यापलीकडे बस जात नाही, हे खरे आहे काय? गृहमंत्र्यांना: इतर खात्यांची वाहने पोलिसांनी ठेवून घेतली आहेत, हे खरे आहे काय? आरोग्य मंत्र्यांना: आमच्या केंद्राकडे वाहन नाही, हे खरे आहे काय? मी स्वतःच्या लेखणीवर खूश होतो. तिसरा प्रश्न लिहिताना मला माझेच चोवीस मासिक अहवाल आठवले नाहीत, याचं आजही नवल वाटतं.

त्या वर्षी अधिवेशन उन्हाळ्याच्या शेवटी भरलं. सभागृहात काय झालं, ते आमदारांनी मला नंतर सविस्तर सांगितलं. परिवहन मंत्री म्हणाले, रस्ता झाला की बस जाईल. रस्ता आमच्या खात्याचा नाही. गृहमंत्री म्हणाले, दुसऱ्या कुठल्याही खात्याचं वाहन पोलिसांकडे नाही, प्रश्नच उद्भवत नाही. मग आरोग्य मंत्री उठले आणि त्यांनी माझा अहवाल वाचून दाखवला. सदर केंद्राकडे एक जीप असून ती चालू स्थितीत आहे. सन्माननीय सदस्यांनी विचारण्यापूर्वी माहिती घ्यावी. सगळे हसले. कोणीतरी मागून म्हणालं की मळेवाल्यांना जीप आणि बैलगाडी यांत फरक कळत नसावा.

आमदारांकडे माझा पुढचा कागदच नव्हता. उपप्रश्न मी लिहून दिला नव्हता. मंत्री 'हो, खरे आहे' म्हणतील असं धरून बसलो होतो. पण आमदार उभेच राहिले. मळ्यात बैल दिसेनासा झाला की माणूस जे विचारतो, तेच त्यांनी आपल्या तेलुगूत विचारलं: "हाय ना? मग आज ती उभी कुठं हाय?"

हसणं थांबलं म्हणतात. मंत्र्यांनी चिठ्ठीसाठी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. चिठ्ठी आली नाही. माहिती मागवून उद्या सभागृहाला देतो, असं म्हणून ते खाली बसले.

इकडे आमचा टेलिफोन नेहमीप्रमाणे मुका होता. त्यामुळे हैदराबादची ती विचारणा पोलिसांच्या वायरलेसवर आली. ठाण्यातल्या लेखनिकानं ती उतरवून घेतली, एका जवानाच्या हातात दिली आणि 'तातडीनं पोचव' म्हणाला. तातडीनं म्हणून जवान जीपमध्ये बसला.

दुपारी आम्ही तिघं ओसरीवर होतो, डॉक्टर, नर्सबाई आणि मी. दोन वर्षांनी आपली जीप फाटकातून आत येताना दिसली. ड्रायव्हरनं सवयीनं ती कडुलिंबाखाली, तिच्या जुन्या जागी लावली. जवान उतरला, सलाम ठोकला आणि कागद पुढे केला. डॉक्टरांना चष्मा सापडेना, म्हणून मी मोठ्यानं वाचला: "आपल्या केंद्राची जीप सध्या कोठे उभी आहे, ते तातडीने कळवावे. माहिती विधानसभेत द्यावयाची आहे."

नर्सबाईंनी तोंडावर पदर घेतला. त्यांचे खांदे हलत होते.

डॉक्टरांनी कागद हातात घेऊन स्वतः वाचला. मग जीपकडे पाहिलं. मग पुन्हा कागदाकडे. घाबरट माणूस विचार करत असताना त्याच्याकडे पाहू नये, म्हणून मी कडुलिंबाकडे पाहत होतो. माझ्या मनात त्या वेळी फक्त माझे अहवाल आणि माझी नोकरी होती, हे सांगून टाकतो.

"टाइम क्या हुआ जी?" डॉक्टरांनी त्यांच्या हैदराबादी हिंदीत विचारलं.

"तीन वाजून दहा मिनिटं."

"तो लिखो. आज दोपहर तीन बजके दस मिनट पे जीप दवाखाने के सामने, नीम के झाड़ के नीचे खड़ी है। मैं खुद अपनी आँखों से देखा। हौर क्या लिखना?"

"एवढं पुरे, साहेब," मी म्हणालो. इतका निर्दोष सरकारी मजकूर मी पूर्वी लिहिला नव्हता.

त्यांनी सही केली. सही पूर्ण नावाची होती. तोवर नर्सबाई जीपपाशी गेल्या होत्या आणि त्यांनी ड्रायव्हरपुढे हात पसरला होता. ड्रायव्हर आमचाच माणूस, दोन वर्षं ठाण्यातलं जेवून कंटाळलेला. त्यानं निमूट किल्ली दिली. जवानाच्या उशिरा लक्षात आलं.

"ओ बाई, मंग मी कसा जाऊ ठान्यात?"

"चालत जा, भाऊ."

"सात मैल हाय न व!"

"मले नको सांगू किती हाय ते. दोन वर्सं मीच चालून राह्यली."

जवान चालत गेला. जाताना खिशात जो जवाब घेऊन गेला, तो त्याच ठाण्याच्या वायरलेसवरून हैदराबादला पाठवायचा होता. इन्स्पेक्टर साहेबांना तो खोटा म्हणता येत नव्हता. जीप आपल्याकडे होती असं म्हणावं, तर सकाळीच त्यांच्या मंत्र्यांनी सभागृहात प्रश्नच उद्भवत नाही असं सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते मोटारसायकलवर आले. चहा घेतला. जीपभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर थाप दिली, एखादी मुलगी सासरी सोडावी तशी, आणि "टायर बदलले आहेत मी, सांभाळा" म्हणून निघून गेले. खरंच बदलले होते. जंगलात रात्री-अपरात्री जाणाऱ्या त्या माणसालाही गाडी लागत होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

आणि मग जीप उभी राहिली. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. डॉक्टर तिला हलूच देईनात.

"असेंब्ली में बोल दिए जी, नीम के नीचे खड़ी है। कोई देखने आया हौर नहीं दिखी तो?"

"साहेब, ते तीन वाजून दहा मिनिटांपुरतं होतं," मी समजावलं.

"वो तुम बोलते। मिनिस्टर टाइम बोला क्या नहीं बोला, किसको मालूम?"

हे मात्र खरं होतं. नर्सबाई रोज चालत निघायच्या, आणि जाताना जीपकडे न पाहता म्हणायच्या, "पूजा करा तिची. फुलं आनून देऊ का?" किल्ली मात्र त्यांनी कोणाला दिली नव्हती.

मृग लागला. नवव्या का दहाव्या दिवशी सकाळी गुड्यातून निरोप आला. पाऊस रात्रभर होऊन थांबला होता, नाला चढत होता. नर्सबाईंनी डॉक्टरांना विचारलं नाही. ड्रायव्हरला हाक मारली, पेटी टाकली आणि जीप गेली. डॉक्टर ओसरीवरून ओरडले नाहीत, अडवायला धावले नाहीत. ते फक्त कडुलिंबाखाली गेले आणि तेल सांडलेल्या त्या काळ्या डागापाशी उभे राहिले.

त्याच दिवशी दुपारी आमदार आले. अधिवेशन संपवून बसनं आले, पायजमा पोटऱ्यांपर्यंत चिखलानं भरलेला. जीप पाहायलाच आले होते.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "सर, वो... खड़ी थी सर।"

"कुठं हाय?"

मी सांगितलं. कोणती बाई, कोणता नाला, आणि बैलगाडीत मागच्या वर्षी काय झालं, तेही. चोवीस अहवाल माझ्याच हातचे होते, तेही सांगून टाकलं. 

"म्हंजे मले तिथं तुयाच कागदानं मारलं?"

"हो."

"वांगी चांगली होती न पन?"

त्यांनी खुर्ची मागितली. सावली कडुलिंबाखालीच होती, म्हणून खुर्ची तिथंच ठेवली. डॉक्टर शेजारी उभे. आमदारांची तेलुगू मळ्यातली आणि डॉक्टरांना मराठी येत नव्हती, त्यामुळे फार बोलणं झालं नाही. दर थोड्या वेळानं आमदार उठून फाटकापर्यंत जायचे, नाल्याच्या दिशेनं पाहायचे आणि परत येऊन बसायचे. मी तीन वेळा चहा दिला. चौथ्यांदा ते नको म्हणाले.

चार वाजून गेल्यावर हॉर्न वाजला. जीप छपरापर्यंत चिखलानं माखलेली होती. मागच्या बाकावर बाई आडवी होती, आणि नर्सबाईंच्या मांडीवर त्यांच्याच पदरात गुंडाळलेलं काहीतरी होतं, जे हॉर्नपेक्षा मोठ्यानं ओरडत होतं. डॉक्टर स्ट्रेचर आणायला पळाले; त्यांना पळताना मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

जीप कडुलिंबापाशी येऊन थांबली, कारण जागेवर आमदारांची खुर्ची होती.

"साहेब, उठा जी जरा," ड्रायव्हर आतून म्हणाला. "जागा द्या."

आमदार उठले आणि आपली खुर्ची आपणच उचलून बाजूला झाले.